घर लागेपर्यंत

मोठीआईला चढ्या आवाजात बोलताना आमच्या घरात कोणीच ऐकलं नाही. राग आला की ती टोपल्या झटकायची. भिंतीशी ओळीने मांडलेल्या टोपल्यांमधली एक उचलायची, रिकामी करायची, अंगणात नेऊन उलटी धरायची आणि तळावर थापट्या मारायची. थापट्या किती पडल्या यावरून राग किती ते आम्हाला कळायचं. बाबांवर राग असला तर बाबांची टोपली, माझ्यावर असला तर माझी. टोपली पुन्हा जागेवर गेली की राग संपला. असा राग करणारं माणूस घरात असलं की बाकीच्यांची फार सोय होते. आम्ही ती सोय पुरेपूर करून घेतली.

मोठीआई म्हणजे माझ्या बाबांची थोरली वहिनी. काका लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी काविळीने गेले. मूलबाळ नव्हतं. वणीजवळच्या एका खेड्यातून तिचे वडील न्यायला आले, तेव्हा ती गेली नाही. माझे आजी-आजोबाही पुढे लवकरच गेले, आणि शाळकरी दिराला वाढवायचं काम तिच्याकडे आलं. बाबांचं शिक्षण, नोकरी, लग्न, सगळं तिने बघितलं. आई लग्न होऊन आली त्या दिवशी तिने किल्ल्या आईच्या हातात दिल्या आणि स्वतःकडे फक्त टोपल्या ठेवल्या.

तेव्हा आम्ही नाशिकला पंचवटीत तीन खोल्यांच्या बैठ्या घरात राहत होतो. कपाट एकच, तेही लोखंडी, त्याचं दार ओढलं की अख्खं पुढे यायचं. बाकी सगळं घर मोठीआईच्या टोपल्यांमध्ये राहायचं. कांदे-लसणाची वेगळी, औषधांची वेगळी, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांची वेगळी. मधल्या खोलीत एका लांब फळीवर घरातल्या प्रत्येकाची स्वतःची एकेक. काठाला दोरा बांधलेला असायचा, बाबांचा निळा, आईचा हिरवा, माझा लाल. दिवेलागणीआधी ती मोठा हारा कमरेवर घेऊन तिन्ही खोल्यांतून फिरायची. जमिनीवर, खाटेवर, खिडकीत जे पडलेलं दिसेल ते हाऱ्यात, आणि मग ज्याचं त्याच्या टोपलीत. बाबांचा चष्मा, आईची किल्ली, माझा एक मोजा. सकाळी "माझं अमुक कुठंय" असं आमच्या घरात कोणी विचारायचं नाही. दुसरा मोजा मात्र तिलाही कधी सापडला नाही.

"तुझी टोपली कुठंय?" मी एकदा विचारलं होतं.

"मी घरातच असते. मला वेगळी कशाला?"

पण एक दुरडी तिची होती. तिच्या खाटेखाली असायची, जुनी, तेलाने काळी पडलेली. तिच्यात आमच्याच फाटक्या वस्तू असायच्या. उसवलेली बाही, तुटलेलं बटण, माझ्या दप्तराचा पट्टा. शिवून झालं की वस्तू ज्याच्या त्याच्या टोपलीत परत जायची, आणि दुरडीत दुसरं काहीतरी येऊन पडायचं. ती दुरडी मी कधी रिकामी पाहिली नव्हती.

ती दुरडी तिच्या लग्नातल्या झालीची होती. आमच्याकडे पाठवणीच्या वेळी झाल देतात. दुरडीत कणकेचे दिवे लावतात आणि मुलीकडची माणसं ती सासरच्या एकेकाच्या डोक्यावर टेकवतात. आमची लेक तुमच्या डोक्यावर दिली, आता उतरवू नका, असा त्याचा अर्थ. तिच्या लग्नात सगळ्यात शेवटी झाल बाबांच्या डोक्यावर ठेवली. बाबा दहा वर्षांचे. दुरडी कलली आणि दिव्यातलं कढत तेल त्यांच्या कानामागे सांडलं. "माणसं ओरडली," मोठीआई सांगायची, "पण भाऊजी जागचे हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी दोन्ही हातांनी दुरडी धरून उभे. तेव्हाच मला कळलं, हे घर मला टाकायचं नाही." बाबांच्या कानामागे तो डाग अजून आहे, चिंचोक्याएवढा. ही गोष्ट ती इतक्या वेळा सांगायची की बाबा हसून पेपर तोंडापुढे धरायचे.

टोपल्या पेठ तालुक्यातून यायच्या. हौसा नावाची बाई डोक्यावर उतरंड घेऊन यायची आणि ओट्यावर टेकायची. मोठीआई प्रत्येक टोपली उलटी करून तळावर गुडघा रोवायची. हौसा म्हणायची, "बस वर, बाई. नाय मोडायची. लय घट इनली." मोठीआई खरंच बसायची. मग दोघी चहा प्यायच्या. नवीन टोपलीला आतून कागदाच्या लगद्याचा आणि मेथीच्या पिठाचा हात बसायचा, आणि लगद्याला माझ्या जुन्या वह्या लागायच्या. माझ्या सहावीच्या गणितावर आमच्याकडे दोन वर्षं कांदे होते. त्या गणिताचा त्याहून चांगला उपयोग झाला नसता.

"जागा नसते असं काही नसतं. जागा करायची असते." हे तिचं ठरलेलं वाक्य. नव्वदीच्या सुरुवातीला सिंहस्थ आला आणि आमच्याकडे पाहुण्यांची रीघ लागली. एका पर्वणीला तर आमच्याखेरीज अकरा माणसं. आईने कपाळाला हात लावला. मोठीआईने हौसाकडून पाच टोपल्या जादा घेतल्या, प्रत्येक बिऱ्हाडाला एकेक दिली, आणि सांगितलं, "तुमचं सामान हिच्याबाहेर दिसलं नाही पाहिजे. मग झोपायला अंग पसराल तेवढी जागा आहे." अकरा माणसं चार दिवस राहिली, आणि कोणाचा पाय कोणाच्या पिशवीवर पडला नाही. जाताना एक लांबची आत्या म्हणाली, "तुमचं घर बाहेरून दिसतं त्यापेक्षा आतून मोठं आहे." मोठीआई त्या वाक्यावर वर्षभर खूश होती.

याशिवाय तिचा एक नियम होता, आणि पुढचं सगळं त्या नियमावरच येऊन थांबतं. टोपली रिकामी परत द्यायची नाही. शेजारच्या पाटीलकाकूंनी एकदा टोपलीभर आवळे पाठवले. मी टोपली धुऊन, पुसून, नेऊन दिली आणि शाबासकीच्या अपेक्षेने परत आले. मोठीआईने विचारलं, "काय घातलंस?" मी म्हटलं, "काही नाही." तिने माझी टोपली उचलली आणि अंगणात नेली. मी थापट्या मोजल्या, अकरा. मग माझ्या ओंजळीत शेंगदाणे घालून मला पुन्हा पाटीलकाकूंकडे पाठवलं. आल्यावर म्हणाली, "मंजू, रिकामी टोपली दिली म्हणजे तुमचं-आमचं संपलं, असं सांगणं असतं. तुला तसं सांगायचं होतं का?"

"नाही."

"मग मूठभर तांदूळ तरी घालायचे. काही नसलं तर हळकुंड. त्याला वेळ लागत नाही."

हे मी विसरले नव्हते. विसरले असते तर आज बरं झालं असतं.

अकरावीत गेल्यावर मला टोपल्यांची लाज वाटायला लागली. कॉलेजच्या मैत्रिणी गंगापूर रोडला राहायच्या. त्यांच्या खोल्यांना दारं होती, दारांवर चित्रं होती, कपडे कपाटात टांगलेले असायचे. त्यातली एक आमच्याकडे आली आणि फळीकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे बाजार भरतो का गं?" ती गेल्यावर मी माझी लाल दोऱ्याची टोपली पायाने खाटेखाली सारली आणि मोठीआईला म्हटलं, "तुझ्या टोपल्यांमुळे घराचं बुरुडाचं दुकान झालंय." दिवेलागणीला टोपली पुन्हा फळीवर होती, माझी बोळा झालेली ओढणी घडी करून आत ठेवलेली. त्या दिवशी तिने झटकलीही नाही. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं.

पुढच्या वर्षी बाबांनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. तिसरा मजला, दोन बेडरूम, दोन्हीकडे गॅलरी. फर्निचर करणारा माणूस कागदावर आराखडा घेऊन आला. भिंतीत बसवलेली कपाटं, पलंगाखाली कप्पे, ओट्याखाली कप्पे. "पसारा दिसणारच नाही, मॅडम," तो आईला म्हणाला. आईला आयुष्यात पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं होतं. कागद जेवणाच्या ताटांमध्ये पसरून आम्ही तिघं बसलो. मोठीआई चार हात अंतरावर भाकरी थापत होती. आई म्हणाली, "एक खोली आपली. दुसरी?"

मी म्हटलं, "दुसरी माझी. बारावी आहे माझी. मला स्वतंत्र खोली पाहिजे."

मग बाबा कागदाकडे बघत म्हणाले, "ते ठीक आहे. पण वहिनींना ठेवायचं कुठं? जागा आहे कुठं?"

तव्यावरची भाकरी उलटली गेली. थापायचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. ती आता तिचं वाक्य म्हणेल असं मला वाटलं. मनातून मला त्याचीच भीती होती, कारण ती म्हणाली असती तर माझ्या खोलीत तिची खाट आली असती. ती म्हणाली नाही. दुसऱ्यांसाठी जागा करणारी बाई स्वतःसाठी ती मागेल, अशी भीती मला वाटली हेच मुळात तिला न ओळखणं होतं.

आठवड्याने बाबांनी तोडगा काढला. "वहिनी, घर लागेपर्यंत चार दिवस वणीला जाऊन या. इथे नुसती धूळ, सुतार, रंगाचा वास. तुम्हाला त्रास."

"बरं," ती म्हणाली. "पण घर लावायला मी नको का, भाऊजी?"

बाबांच्या ऐवजी आई बोलली. "सगळं भिंतीतच आहे, ताई. लावायचं असं काही राहिलंच नाही."

पंचवटीचं घर तिनेच आवरलं. प्रत्येकाचं सामान त्याच्या त्याच्या टोपलीत भरून, वर जुनी साडी बांधून, टेम्पोत चढवून दिलं. एक कप फुटला नाही. तिसऱ्या मजल्यावर आम्ही साड्या सोडल्या, सामान कप्प्यांत कोंबलं आणि टोपल्या खाली नेऊन ठेवल्या. सकाळी घंटागाडी आली. माणसाने एकेक टोपली पायाने चेपून आत टाकली. हौसाची वीण खरोखर घट्ट होती, एका पायाने चेपत नव्हती. मी नव्या गॅलरीतून बघत होते. मला बरं वाटत होतं, हे लिहायला हवं.

त्याच दिवशी दुपारी बाबा आणि मी मोठीआईला वणीला सोडायला निघालो. पंचवटीच्या घरात ती एकटीच राहिली होती, शेवटचा केर काढायला. तिचं सामान म्हणजे एक कापडी पिशवी आणि ती झालीची दुरडी. आदल्या आठवड्यात तिने दुरडीतलं सगळं शिवणटिपण संपवलं होतं आणि ज्याचं त्याला देऊन टाकलं होतं. दुरडी रिकामी होती. ती कमरेवर घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. आमच्याबरोबर आलेली आई रिकाम्या स्वयंपाकघरात उरल्यासुरल्या खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. तांदळाचा डबा समोरच होता, त्याला पट्टी लावून झाली होती.

मोठीआई उभीच राहिली. काही विसरलंय का हे आठवणारं माणूस जितका वेळ उभं राहतं, त्याहून थोडा जास्त वेळ. एकदा तिने स्वयंपाकघराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. ती कशासाठी थांबली आहे ते त्या घरात मला एकटीलाच नीट माहीत होतं. अकरा थापट्या खाऊन शिकले होते. पट्टी ओढून मूठभर तांदूळ काढायला कितीसा वेळ लागला असता? पण मी ते केलं असतं तर मला माहीत आहे हे तिला कळलं असतं, आणि चार दिवस हे चार दिवस नाहीत हेही दोघींना कबूल करावं लागलं असतं. मी जाऊन गाडीत पुढे बसले. ती मागे बसली, मांडीवर दुरडी घेऊन.

तिच्या भावाचं घर दीड खोल्यांचं, बाहेर पडवी. भावजय पार्वतीमामी लगबगीने बाहेर आल्या. त्यांनी पिशवी घेतली, दुरडी घेतली, सवयीने आत पाहिलं, आणि मग बाबांकडे पाहिलं. बाबा घड्याळ बघत होते. "चार दिवसांनी न्यायला येतो," ते म्हणाले. मामी काहीतरी बोलणार होत्या. मोठीआई त्यांना म्हणाली, "चहा टाक आधी, भाऊजींना परत जायचंय."

ते चार दिवस सहा वर्षं चालले. तिच्या गावात दुकानात एक फोन होता, तिथून ती महिन्यातून एकदा करायची. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "लागलं का घर?" बाबाही ठरलेलं उत्तर द्यायचे, "लागत आलंय, वहिनी." आधी गॅलरीच्या जाळ्या राहिल्या होत्या, मग माझी परीक्षा होती, मग आईची पाठ. तिसऱ्या वर्षी तिने घराचं विचारणं सोडलं. मग ती फक्त बाबांचा कान थंडीत दुखतो का ते विचारायची.

गडावर देवीला जाताना आम्ही वाटेत तिच्याकडे थांबायचो, पंधरा मिनिटं, हातात केळी. एकदा मी आत पाणी प्यायला गेले तर भिंतीशी फळी होती, फळीवर टोपल्या. भावाची, मामींची, त्यांच्या दोन मुलींची. पलीकडे आणखी तीन होत्या, रिकाम्या. एकीला निळा दोरा, एकीला हिरवा, एकीला लाल.

"ह्या कोणाच्या?" मी विचारलं, उत्तर समोर असताना.

"तुमच्या. कधी राहायला आलात तर सामान टाकायला," ती म्हणाली. "जागा केलीय." दीड खोलीत सहावं, सातवं, आठवं माणूस तिने बसवून ठेवलं होतं. आम्ही राहिलो नाही. बाहेर गाडीत आई वाट बघत होती.

पुढचा सिंहस्थ आला तेव्हा पाहुण्यांचे फोन आले. दोन बेडरूमच्या घरातून बाबांनी सगळ्यांना सांगितलं की आमच्याकडे अडचण आहे. त्याच पावसाळ्यात मोठीआईला ताप आला, आणि दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली. आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. दहाव्याला बाबा सगळ्यांत जास्त रडले. खोटं नव्हतं ते, खरंच रडले. त्याचाच मला आजही राग येतो, की इतकं खरं रडू येत होतं तर सहा वर्षं ते कुठल्या कप्प्यात ठेवलं होतं. मीही रडले. मला हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तो विचारणारी टोपल्या झटकून गप्प बसायची.

वर्षश्राद्धाला मी एकटीच गेले. निघताना पार्वतीमामींनी ती काळी दुरडी बाहेर आणली. "ही तुमच्या घरची झाल हाय. आक्का म्हणल्या होत्या, त्येंची त्येंना दे."

मी हात पुढे केले. मामींनी दुरडी दिली नाही. त्या आत गेल्या आणि भुईमुगाच्या शेंगा घेऊन आल्या. दुरडी काठोकाठ भरली, वर नागलीचे चार पापड ठेवले.

"मामी, इतकं कशाला?"

"रिकामी कशी देऊ?" मामी म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तुमच्याकडून आली तवा रिकामी आली होती. मी बोलणार होते तुझ्या बापाला. आक्कानी बोलू नाय दिलं. म्हणल्या, गडबडीत राहून गेलं असंल. मंजूला माहीत हाय, ती घालणार होती."

वणी ते नाशिक मी दुरडी मांडीवर घेऊन बसले. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, शेंगा विकायला नेताय का. मी हो म्हटलं.

घरी बाबा सोफ्यावर होते. समोर भिंतभर सनमायकाची पांढरी दारं, एकही वस्तू बाहेर नाही. त्यांनी पेपर खाली केला.

"ही कोणाची टोपली?"

"झालीची आहे. मोठीआईच्या."

त्यांनी दुरडीकडे पाहिलं, बराच वेळ. त्यांचा हात कानामागे गेला आणि तिथेच राहिला. काहीतरी बोलतील असं वाटलं. बोलले ते असं, "आणलीस खरी. पण ठेवणार कुठं आता? जागा आहे कुठं?"

मी दुरडी उचलून माझ्या खोलीत नेली, कपाट आणि खिडकीच्या मध्ये ठेवली. तिथे एक खाट सहज मावेल एवढी जागा होती. तेव्हाही होती.